साखरेचं पाणी

प्रेरणाचे बाबा,

तुम्ही मळ्यात गेले आन् फोन घरीच राह्यला, म्हणून ही चिठ्ठी. मी प्रेरणाले घेऊन निवृत्ती भाऊजीच्या जीपनं बुलढाण्याच्या दवाखान्यात जाऊन राह्यली.

पोरगी नळावर पाणी भरता भरता कोसळली. हातपाय गार पडले. साखरेचं पाणी तोंडाले लावलं, त तिनं ओठ घट्ट मिटले. मंग म्हणे, "आई, यात साखर किती हाय? मले मोबाईलमधी टाका लागते." धड बसता येत नव्हतं, तरी तेवढं इचारलं!

त्या ॲपमधी ती घासाघासाच्या कॅलरी टाकते, हे मले मालूम होतं. मले वाटे, पोरगी तब्येत सांभाळून राह्यली. आज पाठ चोळली त नुसते हाडं हाताले लागले.

शेवटी दोन घोट पिली. डोळे उघडे हायेत, पण बोलत नाही.

तुमच्या मायले फक्त ताप आला म्हणून सांगा. भाकरी टोपल्यात हाय. दवाखान्यात आल्यावर पोरीले "जाडे" म्हणून हाक मारू नका. बारीक झाली म्हणून कौतुकही करू नका. नुसते जवळ बसा.

लवकर या. मले लय भेव वाटून राह्यलं.

छाया