समोरच्या दुकानात शिरलेला पाइप

ता. ३ ऑगस्ट

चि. ठकूस, आजीचे अ. उ. आ.

सगळ्यात आधी टपकला तो मिशीवाला विक्रेता, टेम्पोत बँडसॉ, म्हणजे पट्टीच्या करवतीचं मशीन घालून. काय गं ते पातं! पट्ट्यासारखं गरगर फिरतं नि लोखंड काकडीसारखं कापतं. तुझे बाबा दुखरा खांदा धरून नुसते बघत बसले. डॉक्टरांनी हातकरवत बंद केल्यापासून त्यांचं तोंड एवढंसं झालंय. तुझा काका म्हणतो, आपलं वर्कशॉप भाड्याने देऊन मोकळे होऊ. मी म्हटलं, ठकू परत येऊन चालवते म्हणतेय, तर तिला मशीन द्या की! तर म्हणाला, मग हेच घेऊ, दणकट आहे. मलाही आवडलं, हिरवंगार आहे. समोरच्या शिंपीणबाईही बघून गेल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, ते पुढे सांगेन. पुढच्या आठवड्यात आणखी दोघे विक्रेते दुसरं मशीन घेऊन येणार आहेत. काय बघायचं ते कळव.

लोभ आहेच, आणखी केलास तर मी नको म्हणणार नाही.

तुझी आजी

ता. ६ ऑगस्ट

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

अगं, रंगावर काय जातेस! सरळ काप सगळेच दाखवतात. आपल्या जिन्यांच्या कठड्यांना तिरके काप लागतात. तेव्हा अख्खा लांब पाइप लावायला सांग आणि बघ, तिरक्या कापासाठी पाइप फिरवावा लागतो की पातं वळतं. राजीनामा लिहून तयार आहे. पण काकाने भलतंच मशीन गळ्यात मारलं तर मी येणार नाही, आत्ताच सांगते. रोज त्या मशीनशी भांडण्यापेक्षा इथली नोकरी बरी. बाबांना खांदा शेकायला लाव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ठकू

ता. १३ ऑगस्ट

चि. ठकूस, आजीचे अ. उ. आ.

हसून हसून पोट दुखलं बघ. मिशीवाल्याला परत बोलावून अख्खा पाइप लावायला सांगितला. तिरक्या कापासाठी त्याने तो फिरवला, तर पाइपचं शेपूट दारातून बाहेर, गल्ली ओलांडून थेट शिंप्याच्या दुकानात! कुणाची तरी नवी विजार त्यावर लोंबकळायला लागली. शिंपीणबाई विचारतात कशा, आजी, पाइपालाही विजार शिवायची का? काका म्हणाला, आपली मागची भिंत थोडी फोडू. मी म्हटलं, नको, मशीनच दुसरं घेऊ.

मग त्या दुसऱ्या दोघांचं मशीन लावलं. पाइप जागचा हलला नाही, पात्याचं डोकंच वळलं. पातं तापू नये म्हणून दुधाळ पाणी सोडत सावकाश खाली उतरलं. बाबांनी दोन तुकडे जोडून उजेडाकडे धरले. फट म्हणून नाही! कितीतरी दिवसांनी हसले गं ते. काका कुरकुरला, किडकिडीत दिसतंय. मी म्हटलं, जन्मलास तेव्हा तूही किडकिडीतच होतास, टाकून दिलं का तुला? आणि मी स्टूल घेऊन दारातच बसले. ठरल्याशिवाय कुणाला बाहेर जाऊ देईना. शेवटी काकानेच हो म्हटलं, त्याला चहा हवा होता.

तेव्हा राजीनामा दे. जीव लाव, जपून राहा.

तुझी आजी

ता. क. ते दोघे मशीन बसवायला पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येतो म्हणून गेलेत. तू बुधवारीच ये.