वाळवणघरातलं निरांजन

रेवस,
रविवार, १३ ऑक्टोबर १९५७

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार. मुरुडला सगळे बरे असाल. माझा खोकला आता कमी आहे.

आधी मागच्या पत्रातली चूक सुधारते. वाळवणघरात शिवदासच्या विडीने भडका उडाला, असं मी लिहिलं होतं. कारखान्यात सगळे तसं म्हणत होते, मी ते पाहिलं नव्हतं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायला तूच मला शिकवलंस, शाळेचं तोंड पाहण्याआधी. तरी मी दोन्ही कालवलं.

पाहिलेलं हे असं. आमच्याकडे मक्याचं सत्त्व आम्लात मुरवतात, धुतात, ताटांत पसरून गरम हवेवर वाळवतात. मुंबईच्या गिरण्या सुताला खळ द्यायला ते नेतात. तुझ्या कुरडयांच्या वाळल्या चिकासारखंच ते चिमटीत कुरकुरतं. ओल किती राहिली हे तपासायचं काम माझं. गिरणीने गुठळ्यांची तक्रार केली, म्हणून मालकांनी, अनंतरावांनी, त्या आठवड्यात ते फारच कोरडं करायला लावलं. ताट नुसतं हलवलं तरी पूड उडायची.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. बायकांनी तुळयांवरची वर्षभराची पूड केरसुणीने झाडली. आत पांढरं धुकं झालं. पूजेच्या वेळी ते पेटलं. भट्टीवरचा शिवदास तेव्हा बाहेर होता. त्याचा सदरा, खिशातल्या विड्या-काडेपेटीसकट, बाहेरच्या खुंटीला होता. तो धावत आत आला आणि त्याने एकीला ओढून बाहेर काढलं. त्यात त्याचे दोन्ही हात भाजले.

"एकीला" लिहून मी पुन्हा पळवाट काढली. त्या सोनाबाई होत्या. अनंतरावांच्या पत्नी, तुझी लहानपणची मैत्रीण, जिने तुझ्या शब्दावर मला घरात ठेवून घेतलं.

समुद्राच्या वाऱ्याने निरांजन विझत होतं. त्या म्हणाल्या, "खिडक्या लावा गं, किती वेळा वात पेटवू?" खिडक्या लागल्या. त्यांनी ओवाळायला तबक उचललं आणि हवाच पेटली. मी त्यांच्या मागे हळदकुंकू घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी शिवदासला कामावरून काढलं. मी सोनाबाईंना म्हटलं, "विडी नव्हती हो ती." त्या तूप लावून जळक्या भुवया चोळत होत्या. म्हणाल्या, "देवाच्या दिव्याने आग लागते? असं बोलायला जीभ कशी वळते गं तुझी?" त्या खोटं बोलत नाहीत, आत्या. त्यांना खरंच तसं वाटतं. शिवदासच्या घरी रोज पेज त्याच पाठवतात.

ती पेज त्याची बायको, गोदू, परत धाडते. परवा विहिरीवर तिने मला गाठलं. "बाय, तू थंय व्हतीस ना? आमचा मानूस विडी वढतो, पन भट्टीपाशी कवा न्हाय. आता घास मी भरवतंय त्याला. तू शिकलेली, तुला बोलाया काय व्हतंय?"

मी नुसता तिचा हंडा उचलून दिला. सोनाबाईंच्या घरचं जेवते, म्हणून गप्प आहे.

पण काल सोनाबाई म्हणाल्या, यंदा लक्ष्मीपूजनही वाळवणघरातच करू, म्हणजे अपशकुन फिटेल. विडीवर खापर फोडून सगळे निर्धास्त आहेत. पूड आहे तशीच उडते आहे. मग हे पुन्हा होईल, आणि ओढून काढायला शिवदास नसेल.

चौकशीला मुंबईहून तपासनीस यायचे आहेत. ते येतील त्या दिवशी सकाळी मी आधी सोनाबाईंना तोंडावर सांगेन, मग तपासनिसांना. गोदूलाही तिथे बोलावणार आहे.

माझी ट्रंक बांधून ठेवली आहे. माझ्यापायी तुझी मैत्रीण तुटेल हे मला कळतं. रागाव, पण मी आले तर दार उघड.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
केसर

ता. क. तपासनीस गुरुवारी, १७ ऑक्टोबरला येतात. त्याच दिवशी मी बोलणार.