कर्जमाफी नको, नुसती माफी

सोलापूर,
वैशाखातली दुपार (तारीख बघायला कॅलेंडरपर्यंत जावं लागेल, आणि मधली फरशी तव्यासारखी तापली आहे)

चि. दानेश्वरी हिला अप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल आहेस असं धरूनच लिहायला घेतलं आहे, कारण नर्सच आजारी पडली तर आजाऱ्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? डब्लिनला तुम्ही अजून स्वेटर घालता म्हणे. इकडं पंखा घरातलीच गरम हवा उचलून पुन्हा आपल्याच डोक्यावर टाकतो. माझी साखर आणि माझे गुडघे दोन्ही आहेत तिथंच आहेत, साखर खाली येत नाही आणि गुडघे वर उठत नाहीत. तुझ्या आईच्या फोटोला न चुकता फूल वाहतो. नळाला पाणी येतं तेव्हा अजूनही गल्लीत लग्नघरासारखी धांदल उडते. फोन फुकट असताना अप्पाला पत्राची हुक्की का आली, असं तू म्हणशील. तर फोनवर माझा आवाज मधेच फुटतो, मग तू काळजी करतेस, मग मी सर्दी आहे म्हणतो आणि तू औषधाचं नाव सांगतेस. कागदावर पडलेल्या थेंबाला घाम म्हणता येतं. सोलापुरात तर कुणी शंकाही घेत नाही.

विषय तुझ्या आत्याचा आहे. तू गेल्या महिन्यात सांगितलंस की तुझ्या वॉर्डात एक म्हातारी आहे, तिची मुलगी फार वर्षांपूर्वी नाचाच्या हॉलला लागलेल्या आगीत गेली, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, आणि वर ‘आग कुणीतरी मुद्दाम लावली असावी’ असा शेरा मारून सरकार मोकळं झालं होतं. चाळीसहून जास्त वर्षांनी तिथल्या पंतप्रधानांनी भर सभागृहात उभं राहून माफी मागितली. त्या चर्चेची चित्रफीतही तू पाठवलीस. तू चांगल्या मनानं पाठवलीस, मीही चांगल्या मनानं लावली. जिल्हा परिषदेत तीस वर्षं इंग्रजी परिपत्रकांचं मराठी केलेला माणूस मी, म्हटलं आत्याला सांगू समजावून. पण ते इंग्रजी आपल्या परिपत्रकांसारखं नाही गं, ते गूळ तोंडात धरून बोलल्यासारखं आहे. त्यांच्या पंतप्रधानाला ‘टीशॉक’ म्हणतात (मला आधी वाटलं चहाचा काही प्रकार असावा), आणि सभापतीला जे काही म्हणतात ते मला तीनदा मागं घेऊनही ‘क्यान कोर्ले’ असंच ऐकू आलं. आत्या म्हणाली, “कुणाचे कान कोरले?” मी म्हटलं, अगं, सभापती आहेत ते. ती म्हणाली, “बरं झालं. आपल्याकडच्यांचेबी कोराया पायजेत.”

तिथपर्यंत आम्ही हसत होतो. मग पंतप्रधान म्हणाले (मी जमेल तसं सांगत होतो) की मेलेल्या पोरापोरींवर आणि वाचलेल्यांवर जो संशय आला तो यायलाच नको होता. वर गॅलरीत बसलेल्या आयाबाया आणि भाऊबहिणी दिसल्या. खाली सगळे सदस्य उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी आत्याकडं पाहिलं तर तिनं पदर तोंडाशी गच्च धरलेला. फीत संपली तरी ती काळ्या पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “आपल्या मल्लेशचं कवा बोलणार हायत?”

मल्लेशचं तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, कारण घरात ते कुणी सलग सांगतच नाही. आज सांगतो. तुझ्या आत्याचा हा एकुलता एक. बाप दम्यानं गेलेला. एकोणिसाव्या वर्षी तो एका चादरीच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला लागला. तू तेव्हा पावलं टाकायला शिकत होतीस आणि तो सुट्टीदिवशी तुला खांद्यावर घेऊन तळ्याकाठी मासे दाखवायला न्यायचा. भर दुपारी गोदामाला आग लागली. मागचं गेट चादरी चोरीला जाऊ नयेत म्हणून बाहेरून कुलूप लावून बंद असायचं. मल्लेश, आत्याच्या समोरच्या घरातल्या बसव्वाचा इरण्णा आणि माळशिरसकडचा एक हेल्पर, असे तिघं त्या गेटाशीच सापडले. पुढं चौकशी झाली आणि चौकशीत निघालं की आग ‘कामगाराच्या बिडीमुळे’ लागली, आणि त्या बाजूला कामावर होता मल्लेश. कुलपाचा त्यात शब्द नव्हता. ज्या पोराला बापाच्या दम्यामुळं बिडीच्या नुसत्या वासानं खोकल्याची उबळ यायची, त्याच्या नावावर ती बिडी कायमची चिकटली. गल्लीत बायका आत्याच्या दारावरून मान वळवून जायला लागल्या. बसव्वा आणि आत्या एका जात्यावर दळणाऱ्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या. बसव्वानं त्या दिवसापासून समोरचं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. शेवटी मीच आत्याला आपल्या घरी घेऊन आलो. आता त्या कारखान्याच्या जागी मंगल कार्यालय आहे, दोनदा निमंत्रण आलं, आम्ही आहेर पाठवला, गेलो नाही.

तर आत्यानं ठरवलं, आपणही माफी घ्यायची. मी परोपरीनं सांगितलं की बाई, ते आयर्लंड आहे, तिथंसुद्धा लोकांना अर्धं आयुष्य भांडावं लागलं. ती म्हणाली, माझंबी अर्धं झालंय की. आणि माफी घ्यायला जुन्या लुगड्यात जायचं नाही, कारण फितीतल्या बाया कशा नीटनेटक्या होत्या! म्हणून आधी नव्या पेठेत. दुकानदारानं काठापदराच्या साड्यांचा ढीग घातला आणि विचारलं, कार्य कुणाचं? आत्या म्हणाली, “कार्य न्हाई, माफी हाय.” त्यानं हात जोडले आणि गप्प दर कमी केला. त्याला काय समजलं हे त्या सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

मग आमदारांचं संपर्क कार्यालय. (कुठल्या आमदारांचं ते लिहीत नाही, मला याच गावात राहायचं आहे.) तिथं दोन्ही कानांना दोन फोन लावलेला एक जाडजूड सहायक होता. त्यानं एक फोन बाजूला करून विचारलं, पाणी? मी म्हटलं, नाही. निराधार योजना? नाही. मग? मी म्हटलं, माफी पाहिजे. त्याचा चेहरा एकदम उजळला. कर्ज कुठल्या सोसायटीचं? आम्हाला शेत नाही म्हटल्यावर तो घरपट्टीवरच्या दंडावर आला, तिथून वीजबिलावर. एवढ्या प्रकारच्या माफ्या आपल्या राज्यात आहेत हे मलाही तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. आत्यानं शेवटी काउंटरवर हात ठेवला. “पोराची माफी पायजे. त्यानं आग लावली न्हाई, असं साहेबानं सभेत उभं राहून म्हणावं. बाकी काय नको.” सहायकानं दुसराही फोन खाली ठेवला. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. तो म्हणाला, “आजी, पण यासाठी योजनाच नाही.” आणि खरं सांगतो, त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

तेवढ्यात साहेब आले. नव्या साडीतली म्हातारी बघून त्यांनी सवयीनं वाकून नमस्कार केला, कुणीतरी शाल आणली, कुणीतरी नारळ, फोटो निघाला. जाताना साहेब हात जोडून म्हणाले, काही चुकलंमाकलं असलं तर माफ करा आई. आत्या शहारली. तिला वाटलं, झालं, आलाच तो क्षण. ती म्हणाली, “काय चुकलं ते ठावं हाय का तुमाला?” पण साहेब गाडीत बसले होते आणि काच वर गेली होती. दुसऱ्या दिवशी ‘ज्येष्ठ मातांचा सन्मान’ या मथळ्याखाली तिचा फोटो गल्लीभर फिरला. लोक अभिनंदन करायला आले. मी त्यांना चहा पाजला, दुसरं काय करणार? आत्या आत भिंतीकडं तोंड करून निजली होती.

दोन दिवस ती जेवायला तेवढी उठली. मग सकाळी न्हाऊन बाहेर आली नि म्हणाली, टेंभुर्णीला चल. बसव्वा आता टेंभुर्णीला लेकीकडं असते. हायवेच्या कडेला जावयाचं टायरचं दुकान, मागं घर. एसटीत मला खिडकी आणि उलटी दोन्ही एकदमच मिळाल्या (त्याचं वर्णन तुला नको, तू रोज बघतेस). बसव्वा खाटेवर होती, निम्मी झालेली. दोघींनी एकमेकींना नीट न्याहाळलं. आत्या मला म्हणाली, ते लाव. मी त्या छोट्या पडद्यावर आयर्लंडची फीत लावली आणि पुन्हा भाषांतराला बसलो. बसव्वानं कन्नडात विचारलं, ही माणसं टाळ्या कशाला वाजवतात, लगीन आहे का? मी म्हटलं, यांची पोरं आगीत गेली, पोरांवर आळ आला होता, तो आता सरकारनं पुसला.

बसव्वा आत्याकडं न बघता म्हणाली, “तुज्या पोरानं लावली न्हाई. मला म्हाईत हुतं.”

“कवापासनं?”

“पयल्यापासनं. तो कुटं बिडी वढत हुता? माज्याच घरात वाढला की.”

“मग दार का लावलंस गं?”

“कुणावर तरी राग धराया पायजे हुता, नागव्वा. कुलूप लावणारा बंगल्यात ऱ्हात हुता. तू समोर हुतीस.”

मी उठून बाहेर आलो. मला तिथं काही काम नव्हतं. रस्त्यावर मालट्रक बघत उभा राहिलो. आतून दोघींचा आवाज यायला लागला, अर्धा कन्नड, अर्धा मराठी, रडणं कुठलं आणि भांडणं कुठलं कळत नव्हतं. आत्या म्हणत होती, माझ्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, तू एक शब्द बोलली असतीस तर! बसव्वा म्हणत होती, माझाबी इरण्णा गेला हुता की. टायरवाल्यानं हवा भरायचं मशीन बंद केलं. मला वाटतं त्याला वाटलं, घरात कुणी गेलं.

परतताना मोडनिंबला मी शहाण्यासारखं म्हटलं, चला, कुणीतरी कबूल तर केलं. ती म्हणाली, “मला कशाला सांगितलं तिनं? मला तर ठावंच हुतं. गल्लीला सांगाया पायजे हुतं.” मग मला कळलं गं, की त्या लोकांना सभागृहच का हवं होतं, घरी येऊन कुणी हात जोडले असते तर का भागलं नसतं. आयुष्यभर परिपत्रकं भाषांतरित केली, पण हे बसव्वाच्या खाटेनं आणि एसटीच्या बाकड्यानं शिकवलं.

बसव्वा म्हणाली आहे की पाय चालले तर सोलापूरला येईन आणि त्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सांगेन. पाय चालतील असं तिच्या लेकीला वाटत नाही. गल्लीतही तेव्हाचं कोण उरलंय? निम्मी घरं भाड्यानं गेली आहेत. ऐकायला येणारी माणसं मल्लेश कोण म्हणून विचारतील.

अंगाला जप. तिकडच्या पावसात डोकं ओलं ठेवू नकोस.

तुझा,
अप्पा

ता.क. आता मूळ काम. तुझ्या वॉर्डातल्या त्या बाईंना मल्लेशबद्दल सांग, असा आत्याचा निरोप आहे. तिचं म्हणणं, ते लोक एवढं ऐकून घेतात तर आणखी एकाचं ऐकतील, त्यांच्या आमदाराच्या कानावर घालून त्यांच्या सभेत एक वाक्य बोलता आलं तर बघावं. मी तिला सांगितलं की एका देशाची माफी दुसरा देश मागत नाही. ती म्हणाली, आपला मागत न्हाई म्हणून तर.

ता.क. २. वरचं राहू दे. आत्या आत्ता येऊन म्हणाली की सभेचं नको, त्या बाईला एकच विचार: माफी मिळाली त्या दिवशी घरी गेल्यावर ती जेवली का, तिला झोप लागली का? एवढंच तिला जाणून घ्यायचं आहे. तू विचार, पण उत्तर मला एकट्याला कळव. ‘हो’ असेल तर जसंच्या तसं वाचून दाखवीन. ‘नाही’ असेल तर काळजी करू नकोस, त्या इंग्रजीचं मराठी मीच करणार आहे.