लूमसारखा आवाज

मंगळवार, संध्याकाळ

चिऊला झटके का येतात ते बघायला उद्या डोक्याचा एमआरआय. जराही हलायचं नाही म्हणे. पाच वर्षांची पोर, कशी राहील? घाबरू नये म्हणून सांगितलं, मशीन आपल्या पावरलूमसारखी खटखट करते, बस्स.

तिचे डोळे चमकले. "मग पप्पा तिथंच आहेत?"

हे लूम चालवायचे. जाऊन वर्ष झालं. चिऊला अजून 'कामावर गेलेत' एवढंच माहीत.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "हो बोलून टाक ना! पडून तर राहील."

मी हो म्हटलं. हलली नाहीस तर भेटतील, हे मात्र माझं मीच जोडलं. का जोडलं?

तेव्हापासून चिऊ चटईवर ताठ पडून सराव करतेय. आत्ता नाकावर माशी बसली, तरी हलली नाही.