पाटकऱ्याचं वावर

ता. सटाणा
फाल्गुन, १९८६

प्रिय गोरक्ष,

तुझं पत्र पोचलं. नाशिक रोडला क्वार्टर मिळालं, नळाला दोन वेळ पाणी येतं, हे वाक्य तुझ्या आईनं मला परत वाचायला लावलं. दोन वेळ, असं म्हणून ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. तिचे गुडघे धरलेत, माझा खोकला आहेच, त्याची काळजी करू नको. काळजी दुसरीच आहे आणि ती कुठून सांगावी ते कळत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, मागचं पुढं झालं तर सांभाळून घे.

यंदा नदीची धार फार बारीक झालीय. पाटाच्या पाण्याची पाळी लांबली, कांदे माना टाकायला लागलेत. सोमवारी पुंजारामची पाळी होती. पाटकरी म्हणून त्याच्या वावराचं दार उघडून दिलं आणि मी वर बंधाऱ्यावर गाळ काढायला गेलो. दुपारी त्याच्या वावरात पाणी येईना, म्हणून माणसं पाटाच्या कडेनं बघत आली. आपल्या वावराजवळ पाटाचा बांध फोडून परत बुजवलेला होता आणि शेजारच्या भिकनचे वाफे ओले होते. झालं, भिकन चोर. तो बिचारा सारखा एकच म्हणतोय, मन्हा वावरमा पानी कसं उनं माले माहीत नही. पाणी आपोआप कसं येईल, म्हणून लोक हसतात. एक जण म्हणाला, मग काय ढगातून फक्त तुझ्यावरच सांडलं का.

तेव्हापासून मी चोरीचाच विचार करतोय. पुंजारामनं बंधाऱ्याच्या वर नदीला इंजिन लावलंय, दिवसभर ओढतो. विचारलं तर म्हणतो, इंजिन माझं, डिझेल माझं, मग पाणी कुणाचं? त्याला कुणी चोर म्हणत नाही. भिकनचा बाप वाफा भिजल्यावरही दार लावायचं हटकून विसरायचा आणि म्हणायचा, नाना, पाण्याला काय नाव लिहिलंय? प्रत्येकाजवळ काहीतरी कारण असतंच. ऐकताना मला प्रत्येकाचं खरं वाटतं. घरी आलो की वाटतं, मग चोरी म्हणजे नक्की काय?

तुला आठवत नसेल, तू लहान होतास तेव्हा मला हिवताप झाला होता. पुरा हंगाम तुझ्या आईनं पाट सांभाळला, तुला बांधावर बसवून. बांध बुजवायचा कसा ते मी तिला खाटेवरून सांगितलं होतं. आधी हरळी मुळासकट उपटून घालायची, मग चिखल, वरून टाचेनं दाबायचं. हरळी पुन्हा धरते आणि बांध पक्का होतो. बाकी लोक चिखलाचं ढेकूळ मारतात आणि जातात.

सोमवारी सांजेला मी एकटा ते भगदाड बघायला गेलो. आत हरळी होती, मुळं खाली करून घातलेली. वर टाचेचे खळगे होते, लहान पायाचे.

भिकनचे वाफे कडेकडेनंच ओले होते रे. आपल्या वावरातून गेलेला पाझर होता तो. आपले वाफे काठोकाठ भरले होते. पण आपल्या वावराकडे कुणी बघितलंच नाही. ज्यांनी बघितलं त्यांनी म्हटलं, पाटकऱ्याच्या वावरातही घुसलं बघा, काय करणार. पाटकरी आपलं वावर शेवटी भिजवतो, हे साऱ्या गावाला माहीत. ती रीत मीच पाडलेली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. यंदा शेवटच्या पाळीपर्यंत पाट कोरडा पडतोय.

तुझ्या आईला विचारलं. तिनं लपवलं नाही. भाकरी थापता थापताच म्हणाली, मी कुणाचं घेतलं नाही, आपलं राहिलेलं घेतलं. तुम्ही इतकी वर्षं गावाला आधी पाजलं, मी कधी हिशेब मागितला का? मी म्हटलं, पण पाळी पुंजारामची होती. तर म्हणते, त्याचं इंजिन बघा आधी. भिकनचं नाव काढलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. ती म्हणाली, त्याचं नाव येईल असं वाटलं नव्हतं. मग तीच भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

तिच्यावर रागवावं तर राग येत नाही. माफ करावं तर भिकन डोळ्यांपुढं येतो. तू शिकलेला आहेस, तुला यातलं काय कळतं ते मला कळव.

पण कळवशील तोवर उशीर झालेला असेल. उद्या मारुतीच्या पारावर बैठक आहे. भिकनच्या दोन पाळ्या बंद करायचं ठरतंय, म्हणजे त्याचा कांदा गेला. पाटकरी म्हणून शेवटचा शब्द माझा. सकाळपासून एक वाक्य मनात घोळवतोय, पण तोंडातून निघत नाही. म्हणून कागद घेतला, म्हटलं आधी तुला लिहून बघावं. बांध भिकननं नाही फोडला, माझ्या घरातून फोडला गेला. बघ, लिहिलं. आता हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे उद्या मला मागं फिरता येणार नाही.

आईला काही विचारू नको. नुसती भेटायला ये.

तुझाच,
नाना