पन्नास ओहमचा मेळ

५ जानेवारी
इमारतीची शोभा जाते म्हणून वाकडच्या सोसायटीने माझा अँटेना उतरवायला लावला. गॅलऱ्यांत वाळणाऱ्या चड्ड्यांनी बहुधा ती वाढत असावी. सोडलं ते घर. इथे चाकणजवळ कुरुळीत वरच्या मजल्यावर ऐसपैस जागा, डोक्यावर मोकळी गच्ची. घरमालक उद्धवराव म्हणाले, लावा की तार, आमाला काय तरास न्हाई. आधीचा भाडेकरूही हौशी रेडिओवाला. त्याची केबल गच्चीवरून भिंतीतून थेट खोलीत उतरली आहे. तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या इंदुताईंनी पोहे आणले. म्हणाल्या, तुमचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत येतो. यायलाच हवा. आमच्या कॉन्व्हेंटात पुटपुटणारीला सिस्टर बाकावर उभं करत.

७ जानेवारी
रेडिओ, केबल, अँटेना, तिघांचा मेळ पन्नास ओहमवर बसावा लागतो. नाही बसला तर पाठवलेली शक्ती माघारी फिरते आणि मीटरची सुई चढते. जुनी केबल मी नेहमी वरचं टोक मोकळं ठेवून तपासते. पुढे काहीच नसलं की सगळं माघारी यायला हवं. आज सुई हललीसुद्धा नाही. पाणी शिरलेली केबल शक्ती पिते, हे खरं. पण मग आळंदीच्या मृदुलाला, माझ्या शाळासोबतिणीला, मी लख्ख ऐकू कशी आले? अँटेना अजून खोक्यातच आहे. असो. आयता बसलेला मेळ कोण मोडतं?

१० जानेवारी
रोज मृदुलाशी गप्पा. घसा बसलाय. डॉक्टर चाकणच्या धुळीला दोष देऊन मोकळे झाले. मला ते पटत नाही. बोलून झालं की आवाज आणखी थोडा कमी झालेला असतो.

१२ जानेवारी
मृदुलाचा फोन. काल संध्याकाळी मी फार छान बोलले म्हणे. इंदुताईंना गच्चीवर बोलावणार आहे, असंही मीच तिला सांगितलं म्हणे.
काल मी रेडिओ लावलाच नव्हता.

१३ जानेवारी
गच्चीवर गेले. केबलचं टोक कठड्यावर, कशालाच जोडलेलं नाही. आतल्या तांब्याच्या तारेला बोट लावलं. ओलसर. कोमट. कुणाच्या तोंडात बोट गेल्यासारखं.
खाली येऊन केबल कापली. उशीर झाला. ओठ हलतात, बाकी काही नाही—

१४ जानेवारी
संक्रांत. वरून आवाज येतोय. माझाच, खणखणीत.
"इंदुताई, तिळगूळ घ्यायला वर या ना."
खालून त्यांनी हसून हो म्हटलं. हलव्याची वाटी घेऊन येते म्हणाल्या.
मी टाळ्या वाजवल्या, दार आपटलं. वरचा आवाज म्हणाला, वारा आहे हो, या तुम्ही.
जिन्यावर चपला वाजतायत. हे पान फाडून त्यांच्यापुढे धरते, मोठ्या अक्षरांत—

इंदुताई वर जाऊ नका
वर आहे ती मी ना