दाजींची उशी

मंगळवार, डिसेंबर १९९९. संध्याकाळ

आज दिवसभर गॅरेजात राबून अंगात त्राण नाही, तरी लिहितो. ट्रॅक्टरवरून पडून दाजींच्या तीन बरगड्या मोडल्यात. दुखतं म्हणून ते खोकला गिळतात. नर्सबाई रोज सांगतात, उशी छातीशी धरा आणि खोका, कफ साठला तर न्यूमोनिया होईल. उशी आपली पायथ्याशीच. आज खाटेजवळ बसलो, तर श्वासागणिक छातीत घुरघुर. इंजिनांच्या आवाजावर पोट भरलं माझं, वाईट आवाज लगेच कळतो. भीतीच वाटली. आणि आक्का मलाच दटावते, "हसवू नगंस त्यास्नी, दुखतंय."

हसवू नको? का नको?

म्हटलं, "दाजी, लग्नात घोड्यावरनं पडलासा, आता ट्रॅक्टरवरनं. फुडच्या येळंला इमान सांगू का?"

दाजी हसले, कळवळले आणि पार पोटातून खोकले. मोठा बेडका पडला. "मेव्हण्या, मारतोस काय रं!" डोळ्यांत पाणी. पण घुरघुर कमी झाली, कान देऊन ऐकलं मी.

निघायला उठलो, तर दाजींनी स्वतःच उशी ओढून छातीशी आवळली. "हं. सांग फुडचं."

दिवसभर उभं राहून पाय मोडून आले होते. तरी परत बसलो.